रस्सीखेचीचे तीन संघ

सियालदह स्टेशनवर बराकपूरच्या तिकिटाच्या रांगेत अचानक मराठी कानावर पडलं. माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते.

"मंजुषा, नीट ऐक. मंडळाच्या रस्सीखेचीला संघ तीन, आणि तुम्ही तिघी कप्तान. पहिल्या फेरीत आधी भाग्यश्री माणूस निवडेल, मग विजया, मग तू."

"म्हणजे उरलेसुरले माझ्या पदरात!"

"म्हणून तर दुसरी फेरी उलटी. आधी तू, मग विजया, मग भाग्यश्री."

"अय्या, मग मला लागोपाठ दोघं मिळतील! सुमित घेते, आणि लगेच ते बराकपूरचे सुभेदारकाका."

"घे. तिसरी फेरी विजयापासून. कुणावर अन्याय नको."

"तिसऱ्या फेरीत मी चैत्रालीला घेणार."

"चैत्रालीला? वाऱ्याने उडेल ती!"

"पण ओरडते काय जोरात!"

"अगं, आणि मी?"

"तुला कुठे कोण पळवून नेतंय, अजेय? शेवटच्या फेरीपर्यंत तू नक्की शिल्लक असशील. ती फेरी कुणापासून सुरू होते?"

"भाग्यश्रीपासून."

"मग घेऊ दे की तिला. माझी काही हरकत नाही."

"नको. शेवटच्या फेरीला आपण सरळ चिठ्ठ्या टाकू."