दोन बेटांचे झिंगे

अमरावती-अकोला एसटीत माझ्या मागे कॉलेजातल्या एक मॅडम आणि त्यांच्या प्रयोगशाळेतले नत्थुजी बसले होते.

"नत्थुजी, ऐका. अकोल्याच्या परिषदेत मी हेच बोलणार आहे. अंदमानच्या दोन बेटांवरून गोड्या पाण्यातले झिंगे आणले. दुसऱ्या बेटाच्या दहांपैकी चार पहिल्या बेटाच्या वंशाचे निघाले. म्हणजे त्यांची पिल्लं समुद्र ओलांडून गेली."

"ते चार खिडकीजवळच्या टाकीतले काय, मॅडम?"

"हो. का?"

"दिवाळीच्या सुटीत पहिल्या बेटाच्या टाकीचा पंप बंद पडला होता जी. चार झिंगे निपचित पडले. मी त्याइले उचलून खिडकीच्या टाकीत टाकलं."

"डीएनएचे नमुने मी सुटीनंतर काढले."

"हो जी."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"मले वाटलं, वाचले ना, झालं. आता तुमी समुद्राचं म्हनल्या, म्हणून सांगून राहिलो. समुद्र त्याइनं नाही ओलांडला. मीच नेलं."

"हे अजून कोणाला माहीत आहे?"

"तुमाले अन् मले."

बडनेरा मागे पडलं, तशी मॅडमनी हाक मारली.

"कंडक्टर, मूर्तिजापूरहून अमरावतीला परतायला गाडी किती वाजता आहे?"