लेडीज गेटवरच्या शेवंतामावशी

मंडळी, या शोकसभेला विहारात आज पाय ठेवायला जागा नाही. बाहेरचा चपलांचा ढीग पाहून शेवंतामावशी आधी आपल्याला ओरडल्या असत्या. मला माइकवर बोलायची सवय नाही हो. मी जन्मभर बाळांच्या वॉर्डात नर्स होते, तिथे हळूच बोलावं लागतं. सांभाळून घ्या.

तरुण पोरांना माहीत नसेल, आपल्या मोहल्ल्यात टॉकीज होती. आता तिथे पार्किंग आहे. बायकांसाठी वेगळं दार होतं, लेडीज गेट. त्या दारावर शेवंतामावशी तिकिटं फाडायच्या. नोकरी तेवढीच. तिकीट फाडायचं, आत सोडायचं.

पण मावशी तेवढ्यावर थांबणाऱ्या होत्या का? कोणाचं तान्हं रडलं, की त्या अंधारात शिरायच्या आणि पोर उचलून व्हरांड्यात आणायच्या. "तू पाहून घे वं शिनेमा. हे राहीन माह्यापाशी."

माझी आई त्याच बायकांतली. मी तिची चौथी मुलगी. चौथी! घरात तिच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. सोमवारच्या मॅटिनीचे तीन तास, तेवढेच तिचे.

आणि एका सोमवारी मॅनेजरसाहेबांनी फर्मान काढलं. तान्ही मुलं असतील त्या बायकांना आत सोडायचं नाही. पुरुष तक्रार करतात! आई मला कडेवर घेऊन दारातूनच परत फिरली. मी पाच महिन्यांची. मावशींनी तिचा हात धरला आणि साहेबांना म्हणाल्या, "साहेब, आज येकाही लेकराचा आवाज आत आला, तं उद्यापासून मले कामावर घेऊ नका."

ऐकलंत मंडळी? नवरा अंथरुणाला खिळलेला, घर हिच्या एकटीच्या पगारावर. आणि ही बाई दुसऱ्या बायकांच्या सिनेमासाठी नोकरी पणाला लावते!

त्या दिवशी व्हरांड्यात सात लेकरं होती. सात! सतरंजीवर ओळीनं. एक मावशींच्या खांद्यावर, एक मांडीवर, एकाला पायानं थोपटणं चाललेलं. मध्यंतरापर्यंत आत चिडीचूप. वॉर्डात एक बाळ रडलं, की बाकीची सूर धरतात. दोघांना गप्प करताना मला घाम फुटायचा. मावशींनी सात कशी सांभाळली, ते मला आजही कळलेलं नाही. खरंच नाही कळलेलं.

मध्यंतरानंतर साहेब तपासायला आले. नेमकं तेव्हाच मी भोकाड पसरलं. मावशींचे दोन्ही हात अडकलेले. त्या म्हणाल्या, "घ्या ना साहेब! पाहून काय राहिले?"

आणि साहेबांनी मला उचललं. इस्त्रीच्या कपड्यांतला तो माणूस शो सुटेपर्यंत मला झुलवत उभा होता. त्या फर्मानाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. हे मावशीच मला हसून हसून सांगायच्या.

नोकरीला लागल्यावर मी एकदा विचारलं, "मावशी, तुम्ही कधी अख्खा सिनेमा पाहिला का हो?"

"काहून पाहू वं? शो सुटला का तुही माय सारी गोष्ट सांगे मले. हासे, रडे, हातवारे करे. येवढी बोलकी बाई होती ते!"

माझी आई? बोलकी? मंडळी, आमच्या घरात कोणी तिला दोन वाक्यं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. मावशी ऐकत होत्या. दर सोमवारी, दारात उभ्या राहून, तीन तास पोरं वाहून दुखणारे खांदे घेऊन. मी हजारो बाळं हाताळली. पण एवढं मोठं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मावशी, तुम्हाला माझा नमस्कार.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं शांत. मागे कडेवर लेकरं घेतलेल्या काही पोरी दिसताहेत, आणि त्यातली एक आत्ताच दाराकडे सरकली. थांब गं. बाळ रडलं तर रडू दे. मावशींच्या सभेतून एकही बाई बाहेर जाणार नाही.