गुंटकलहून आलेलं कार्ड

मी मुलांची लाडकी बाई होते असं तुम्ही म्हणता ना, मग हे ऐका. शहात्तरच्या सुमारास हुबळीच्या मराठी शाळेत, माझ्या तिसरीच्या वर्गात शकू नावाची मुलगी होती. तिची बडबड कधी थांबायची नाही. मी दिवसातून दहादा म्हणायची, "शकू, गप्प बस."

एकदा शाळा सुटताना ती आडवी आली. "बाई, एक विचारू?"

"उद्या विचार गं. माझी केशवापूरची बस चुकेल."

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिची मैत्रीण म्हणाली, "तिच्या अप्पांची गुंटकलला बदली झाली. पत्र लिहायला तिला तुमचं नाव पाहिजे होतं. आम्हाला 'बाई' एवढंच ठाऊक."

महिन्याभरानं शाळेत कार्ड आलं. "इथं सगळे तेलुगू बोलतात. आता मी गप्पच बसते."

पत्त्यात शाळेचं नाव होतं, आणि त्याच्या वर लिहिलं होतं, 'गप्प बस म्हणणाऱ्या बाईंना.'

शाळेत आम्ही सात बायका शिकवत होतो. मोठ्या बाईंनी कुणालाच विचारलं नाही. कार्ड सरळ माझ्यापुढं आणून ठेवलं.