सगळ्यांना छत्तीस

...नाही पण, नुसत्या डोळ्यांनी कसलं माप घेतो हो हा दुकानदार? मी पायरीवर पाय ठेवला नाही तोच आत ओरडला, "मावशींना छत्तीस दाखवा!" म्हटलं, का रे बाबा, डोळ्यांत टेप घालून बसलायस? अंग माझं आहे ना?

तुम्हाला सांगते, ह्या छत्तिसाने माझं अर्धं आयुष्य खाल्लंय. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, सासूबाई एकदम डझनभर ब्रा आणायच्या... हो, ब्रा! मोठ्यानेच म्हणतेय, मागच्यांनाही ऐकू जाऊ दे... तर डझनभर, सगळ्या छत्तीस! त्यांच्या सासूने त्यांना छत्तीस आणली, म्हणून आम्हा सगळ्यांना छत्तीस. जाऊ म्हणजे नुसती काडी, ती मागे पिन लावायची. मला पुरायची नाही, तर मी जुन्या ब्राचा तुकडा कापून जोड द्यायची. तक्रार केली की सासूबाई, "धुतली की सैल होते गं!" वीस वर्षं धुतेय... झिजली, फाटली, सैल काही झाली नाही!

आणि माझं काम काय? हॉस्पिटलच्या धोबीखान्यात. दिवसाला शे-दीडशे ओल्या चादरी तारेवर टाकायच्या. हात वर केला की ही बया वर सरकते, खाली केला की पट्टा खांद्यात रुततो. परवा नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, खांद्याची जखम चिघळतेय. मापाची घ्या, नाहीतर कामावरून घरी बसावं लागेल." घरी बसावं लागेल? मग चुलीवर शिजवू काय, ब्रा?

म्हणून गेले. तर दुकानदार म्हणतो, "घालून बघता येत नाही, बायका अशाच नेतात." म्हटलं, चप्पल घालून बघू देतात, आणि ही दिवसभर छातीवर बाळगायची ती न बघता घेऊ? अंग माझं आहे ना? "हळू बोला हो, गिऱ्हाइकं आहेत!" मग तर मी आवाज चढवलाच! शेवटी त्याची बायको गल्ल्यावरून उठली, मला खोक्यांच्या मागे नेलं, टेपने आधी छातीखाली मोजलं, मग छातीवरून, आणि म्हणाली, "अगं बाई! चाळीस आहे की! कपही मोठा लागेल."

सात घातल्या. एक बोचते, एक फुगते, एकीत काखेतून सगळा माल बाहेर! आठवी घातली... अहो, हात वर केला तरी जागची हलली नाही! वाकले, उड्या मारल्या, वरच्या फळीवरचं खोकं काढून परत ठेवलं. बाहेरून दुकानदार, "काय चाललंय आत?" म्हटलं, चादरी वाळत घालतेय!

तसल्याच दोन घेतल्या. घरी धुतल्या, दोरीवर टाकल्या, टॉवेलखाली लपवून नाही, उघड्या उन्हात. सासूबाई, "अगं, लोक बघतील!" बघू देत, अंग माझं आहे ना? आणि त्यांच्यासमोर खांदाच उघडा केला, म्हटलं, हे बघा तुमचं छत्तीस! त्यांनी जवळ येऊन खांदा नीट बघितला. जेवणं झाल्यावर दार लोटून आत आल्या, हळूच म्हणाल्या, "माझं मोजतेस?"

मोजलं. बेचाळीस! इतकी वर्षं ती म्हातारी छत्तिसात कोंडलेली... माझाच जीव कळवळला हो. म्हटलं, चला, उद्याच जाऊ दुकानात.

तर म्हणतात कशा, "मी नाही बाई तिथे यायची. तू जा... आणि माझ्यासाठीही तूच घालून बघ!"