जावयास फूस लावणाऱ्या ठेंगण्या गाढवाबाबत

दि. २५/३/२००३

मी, झुंबर लहानू आव्हाड, वय ५१ वर्षे, धंदा – स्वेच्छानिवृत्ती (स्वेच्छा कंपनीची), रा. अंबड, नाशिक, समक्ष ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. अंगणात एक ठेंगणे गाढव पाळले आहे. उंची माझ्या कमरेइतकी, नाव सुपरवायझर. ते भाजीची देठे खाते, कोणाच्या चौकशा करीत नाही आणि आपण बोलत असताना मध्ये बोलत नाही. हे तिन्ही गुण मला कंपनीत एकाही माणसात आढळले नाहीत.

शेजारी पुंजा सांगळे हे सिन्नरकडचे. त्यांच्या गावी रंगपंचमीला जावयाची गाढवावरून धिंड काढतात. सगळे त्याला पोटभर हसतात, मग न्हाऊ घालून नवे कपडे देतात. गावी कुंभाराचे गाढव मिळते, कॉलनीत माझेच. मी म्हणालो, याच्यावर माणूस बसत नाही. त्यावर पुंजा म्हणाले, "आव्हाड, जावई हलका हे हो. डोक्यानं तर लयच हलका."

पुंजांचा जावई ललित, राहणार मालेगाव, अंगाने हलका. मात्र उंची सहा फूट. गळ्यात फाटक्या चपलांची माळ घालून त्यास गाढवावर बसवले असता त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले. ताशा वाजू लागल्यावर गाढव आणि जावई दोघेही चालू लागले. पिठाच्या गिरणीपाशी जावई दम खायला थांबला. गाढव त्याच्या पायांमधून निघून पुढे गेले. ताशेवाले गाढवामागे गेले, पोरे गेली, बायांनी गाढवालाच रंग लावून ओवाळले. जावई माळेसह गिरणीपाशी उभा राहिला. त्याला कोणी हसले नाही.

संध्याकाळी तो गाढवाला जाब विचारायला माझ्या अंगणात आला. गाढवाने त्याच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. तेव्हापासून तो तिथेच आहे. मी कारण विचारले असता म्हणाला, "काका, लग्न झाल्यापासून सल्ला न देता माझ्याशेजारी बसलेलं हे पहिलंच."

त्याची पत्नी निकिता बोलवायला आली. "अहो, चला घरी. लोक हसताहेत."

"त्या दिवशी हसायचं होतं, तेव्हा कुठं गेले होते?"

ती रडली नाही. त्याच्याशेजारी पायरीवर बसली. आता दोघांचा चहा माझी पत्नी करते.

मी गाढवाकरवी जावई पळवला, सबब गाढव कोंडवाड्यात टाकावे, अशी पुंजांनी तक्रार दिली. आरोप खोटा आहे. जावई त्यांनी खुशाल न्यावा, माझी हरकत नाही. कोंडवाड्यात मोकाट वळू असतात. हे तिथे रात्रही काढणार नाही. आमच्या उभयतांच्या घरात याशिवाय कोणी नाही.

गाढव सकाळपासून चौकशीकामी ठाण्याच्या आवारात बांधले आहे. मी हे सांगत असताना पुंजा त्याच्याजवळ उकिडवे बसून कानामागे खाजवीत आहेत, हे खिडकीतून हवालदारसाहेबांनीही पाहिले. पुंजांना सहीसाठी दोनदा आत बोलावले असता "थांबा की जरा" म्हणाले.

तक्रार ते मागे घेतील असे वाटते. गाढव सोडतील असे वाटत नाही. तरी ते मला आजच, त्यांच्या देखत, ताब्यात मिळावे.

माझा हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. बोललो तसाच उतरला आहे. "हलका" शब्द खोडावा असे पुंजा खिडकीतून म्हणाले, तो मी खोडू दिला नाही.