पंखावरची पट्टी

सासू : लिही. पाणटिवळे, काळ्या शेपटीचे, बेचाळीस.

सून : आई, चोची पाठीत खुपसून झोपलेत सगळे. शेपट्या कुठे दिसताहेत?

सासू : एकवीस वर्षं ह्याच चिखलात मोजतेय मी. इथे काळ्या शेपटीचेच येतात.

सून : काळ्या शेपटीचा की पट्टेरी शेपटीचा, ते उडाल्याशिवाय लिहायचं नाही, हा तुमचाच नेम ना?

सासू : माझा नेम मलाच शिकव. लग्न होऊन आलीस तेव्हा बगळा आणि बदक एकच वाटायचं तुला.

सून : वाटायचं. पण आता ह्यांच्या पाठीवर मला रेघा दिसताहेत. काळ्या शेपटीच्यांची पाठ साधी असते.

सासू : उन्हाने दिसतात तशा. भरती चढतेय, लिही बघू. पक्षीगणनेची यादी आजच पाठवायची आहे.

सून : ससाणा! आई, थवा उठला!

सासू : बघ, बघ! पंखावर पांढरी पट्टी, काळ्या शेपटीच्यांचीच खूण. कशी लख्ख! दिसली ना? ...अगं, दिसली ना?

सून : आई, पट्टी नव्हती. एकाच्याही पंखावर नव्हती. आणि शेपट्या पट्टेरी होत्या.

(सासू चष्मा काढते, पुसते, पुन्हा घालते.)

सासू : मला दिसली. खोटं नाही बोलत मी.

सून : ते का मला माहीत नाही? डॉक्टरांनी मोतीबिंदू काढायला कधी सांगितलं होतं?

सासू : झाली दोन वर्षं. मोजणी चुकायला नको म्हणून पुढे ढकलत राहिले.

सून : मग गेल्या वर्षी काळ्या शेपटीचे म्हणून लिहिलेले साठ?

सासू : तेव्हाही असाच थवा उठला. मनात होतं तेच दिसलं असणार. वही काढ. त्या ओळीपुढे लिही, ‘शेपटी पाहिलेली नाही.’ यादीबरोबर तेही कळव.

सून : आणि आजचे?

सासू : तू पाहिलेस ना? मग मोजणाऱ्याच्या जागी तुझं नाव घाल.

सून : तुमचं खोडून?

सासू : खोडून. पण एकाच रेघेने. खालचं वाचता आलं पाहिजे.

सून : ...खोडलं.

सासू : आता ती दुर्बीण दे इकडे.

सून : पुन्हा बघायचंय?

सासू : नाही गं. काचेला तुझं काजळ लागलंय, पुसून देते. जवळचं मला अजून दिसतं.