गोटीरामच्या मांडवात म्हटलेला धवला

जबाब
दिनांक १३ मे १९८६, सकाळी ११ वाजता

मी वेणूबाई किसन मढवी, वय अंदाजे ५४ वर्षे, धंदा घरकाम व लग्नात धवले म्हणणे, राहणार तळवली, ठाणे-बेलापूर रस्त्यालगत. पोलीस ठाण्यातून बोलावणे आल्यावरून आज हजर झाले आहे व विचारलेल्या गोष्टी माझ्या तोंडाने सांगते त्या अशा.

मी वरील ठिकाणी मुलगा पंढरी व सून गोजरा यांच्यासह राहते. नात पुतळा हीसुद्धा आमच्यात राहत होती. माझे पती हयात नाहीत. आमची शेती व मिठागर सरकारने नव्या शहरासाठी घेतले, तेव्हापासून घरात तांदूळ विकत येतो. मुलगा शेजारच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. काम असते तेव्हा असतो.

माझ्याविरुद्ध तक्रार देणारा गोटीराम सिताराम हा माझा चुलतदीर आहे. गावात त्याचे दोन डंपर आहेत व तो भरावाची कामे घेतो. त्याच्या तक्रारीत लिहिले आहे की, ११ मे रोजी त्याच्या मोठ्या मुलाच्या लग्नात मी वाईट गाणे म्हणून लग्न मोडले व मांडवातले अन्न चोरून नेले. दोन्ही गोष्टी मी केल्या आहेत. त्या का केल्या हे मला पहिल्यापासून सांगायचे आहे. हवालदार साहेबांनी थोडक्यात सांगा असे म्हटले. थोडक्यात सांगितले तर गोटीराम खरा वाटेल, म्हणून सगळे सांगते.

सन १९८३ च्या पावसाळ्यात यशोदाबाई वाघमारे नावाची बाई आमच्या गावात आली. ती जालना बाजूची, बौद्ध समाजाची, दुष्काळात इकडे आलेली. पावण्याच्या झोपडपट्टीत बालवाडी चालवत होती. तिने गावच्या चिंचेला काटा टांगला, त्याला झोळी बांधली व आमची पोरे त्यात घालून तोलली. खाडीत पूर्वी निवट्या मासे, शिंपल्यातली कालवे मिळत, ती कारखान्यांचे पाणी सुटल्यापासून मिळत नव्हती. आम्ही पोरांना पेज आणि चहा-बटर देत होतो व पोट भरले म्हणून निजवत होतो. यशोदाबाईने तोलून सांगितले की, गावातल्या सव्वीस पोरांपैकी एकोणीस पोरे उपाशी आहेत. आम्हांला राग आला. आम्ही तिला हाकलून दिले. ती पुढच्या महिन्यात परत आली.

गावतळ्याच्या मागे गुरचरणाची जमीन होती. गुरे उरली नव्हती. तिथे भाजी लावू असे यशोदाबाईने सुचवले. माती खारट होती. ती गोडी करायची विद्या आमची, बांध घालून पावसाचे पाणी तुंबवायचे, खार उतरला की सोडून द्यायचे, पुन्हा तुंबवायचे. तसे त्या पावसाळ्यात दोन-तीनदा केले. आमच्याकडून तोंडली, दुधी, वाल आला, तिच्या बायकांकडून अंबाडी आणि शेपू. आमच्या अकरा घरच्या व झोपडपट्टीच्या नऊ घरच्या बायका राबत होत्या. मी स्वतः पहिले दोन महिने यशोदाबाईच्या हातचे खाल्ले नाही, पाणीही घेतले नाही. हे लिहून घ्यावे. तिने ते पाहिले होते, पण येणे थांबवले नाही.

ती दर सोमवारी चूल मांडून शिकवत असे. भाजी चिरण्याआधी धुवा, चिरून धुऊ नका. पोराच्या भातात डाळ घाला, वर तेलाचा थेंब सोडा. शेवग्याचा पाला दाखवून म्हणाली, "ताई, शेंगा मानसांला द्या, पाला लेकराच्या डाळीत घाला." आमच्या गावची बयाबाई हसून म्हणाली, "पाला क गुरांनी खावाचा! आमची पोरां गुरां हायेत क?" यशोदाबाई म्हणाली, "गुरं तुमच्या लेकरापेक्षा धष्टपुष्ट असतेत, म्हनून म्हनलं." त्या दिवसापासून बयाबाई तिची मैत्रीण झाली.

मळ्याची आमची एक पद्धत होती. महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी पोरे तोलायची. ज्याचे वजन सर्वांत कमी, त्याच्या नावाचा वाफा तळ्याजवळ, पाण्याच्या तोंडाशी. त्या वाफ्याची भाजी आधी त्या पोराच्या घरी जाणार, मग दुसऱ्यांना. पोर भरू लागले की त्याचे नाव पुढच्या वाफ्यावर सरकायचे. पोर जितके सुधारेल तितका त्याचा वाफा पाण्यापासून लांब, रस्त्याच्या कुंपणाकडे. पाणी लांबवर वाहून न्यावे लागे, कंबर मोडे, पण रस्त्याकडे वाफा गेलेली बाई ताठ चालत असे.

माझी नात पुतळा ही जुलै १९८४ मध्ये सव्वा वर्षाची होती. वजन सहा किलो चारशे. वाफा पाण्याच्या तोंडाशी. ऑगस्ट १९८५ मध्ये वजन दहा किलो. तिचा वाफा सरकत सरकत रस्त्याच्या कुंपणाला लागला होता. ती त्या वाफ्यात बसून कच्ची भेंडी खात असे.

गोटीरामचा मळ्याशी संबंध असा की, चूक आमची. जमिनीसाठी पंचायतीकडे अर्ज करताना आम्ही मळ्याचे मंडळ काढले व त्याला अध्यक्ष केला. घरचा माणूस, शिकलेला, आणि बायकांच्या नावावर कागद घ्यायचा कसा, असे आम्हांलाच वाटले. यशोदाबाई नको म्हणत होती. मी तिला म्हटले, "यो आमचा दीर हाय, तुज्या झोपरपट्टीचा दादा नय." गोटीरामने तोच कागद दाखवून जमीन आपल्या ताब्यात आहे असे सिद्ध केले व एका मालवाहतूकवाल्याला गोदामासाठी दिली. हे आम्हांला नंतर कळले.

दिनांक ९ सप्टेंबर १९८५ रोजी सोमवार, तोलण्याचा दिवस होता. सकाळी दहाच्या सुमारास आम्ही चिंचेखाली होतो. गोटीरामचे दोन डंपर रस्त्याकडून आले व कुंपण मोडून भराव टाकू लागले. रस्त्याकडून आल्यामुळे पुतळाचा वाफा पहिला गेला. भेंडी, दुधी, वाल सगळे उभे पीक होते. आम्ही डंपरपुढे गेलो तेव्हा गोटीराम स्वतः तिथे होता. मी त्याला म्हटले, "अरे, आठ दिस थांब, पीक तरी कारू दे." तो म्हणाला, "वयनी, चार पाल्यांसाठी माजी गारी अरवतस? बाजारान भाजी मिलते." दुपारी चारपर्यंत तळ्यापर्यंत भराव झाला. गोदाम अजून उभे नाही, नुसता भराव आहे. यशोदाबाईने आपली बालवाडी पुढे मळ्यातल्या झोपडीत आणली होती, तीही गेली. त्यामुळे पोरांना तिथे मिळणारी सुकडी, म्हणजे सरकारी खाऊ, बंद झाली.

आम्ही पंचायतीकडे दोन अर्ज दिले. दोन्ही अर्ज अध्यक्षाच्या सहीशिवाय चालणार नाहीत असे उत्तर आले. अध्यक्ष गोटीराम होता.

पुतळाचे वजन नोव्हेंबरमध्ये नऊ किलो, जानेवारीत आठ किलो तीनशे. मधे तिला हगवण लागली होती. जानेवारीच्या शेवटी गावात गोवर आला. गावात बावीस पोरांना झाला. दिनांक २ फेब्रुवारी १९८६ रोजी दुपारी पुतळा वारली. यशोदाबाई तिला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या की, अंगात काही असते तर पोर निभावली असती. पुढे त्या काय म्हणाल्या ते मी ऐकले नाही. गोटीराम मातीला आला होता. त्याने खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसले. तेव्हा मी ठरवले.

येथे हवालदार साहेबांनी "रागाच्या भरात" असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले आहे. रागाच्या भरात काही झालेले नाही. मी तीन महिने विचार करून केले आहे.

मी धवलारीण आहे. आमच्या आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारीण करते. ती धवले म्हणते, म्हणजे देवांना, पूर्वजांना, नवऱ्याच्या घराण्याला नावे घेऊन गाण्यात बोलावते. बोलावलेल्या मांडवाला धवलारणीने नाही म्हणायचे नसते आणि म्हटला जाणारा धवला कोणी मध्ये तोडायचा नसतो, तोडला तर नवरा-नवरीवर बला येते असे मानतात. आमच्या भावकीत मी एकटीच आहे. म्हणून गोटीरामने आमंत्रणाची सुपारी देऊन माणूस पाठवला. मी सुपारी घेतली. सून गोजरा माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. माझ्या मनात काय आहे ते तिला मी सांगितले नव्हते.

लग्न मुलाच्या दारी होते. उरणकडून मुलीचे वऱ्हाड टेम्पोने आले. मुलीचे वडील देवजी म्हणून आहेत, मिठागरात मुकादम होते, शांत माणूस. मांडवात तीनशेच्या वर माणसे होती. मी पाटापुढे बसले, नवरा-नवरी समोर, गोटीराम व त्याची बायको बाजूला हात जोडून उभे. मी पहिला धवला गावदेवीचा नेहमीसारखा म्हटला. घराण्याचा धवला आला तेव्हा मी स्वतः बांधलेला म्हटला. साहेबांनी शब्द विचारले, ते असे:

"पयला मान गावदेवीला गो, जिनं दिलं रान,
दुसरा मान नवऱ्याचे बापाला, ज्यानं पुरलं रान.
पुतळा पोरीचा वाफा गो, त्यावर दगर-माती,
दहा किलोची पोर माजी, गेली आठ किलोची हाती."

त्यानंतर गावातल्या सव्वीसही पोरांची नावे घेतली, प्रत्येकाचे भरावाआधीचे वजन आणि नंतरचे वजन. यशोदाबाईच्या वहीवरून मी पाठ केले होते. अर्धा तास लागला. गोटीराम माझ्याकडे एक पाऊल पुढे आला. त्याने एकदा "वयनी" म्हटले. त्याच्याच आईने त्याला गप्प केले, धवला तोडू नको म्हणून. मला फार बरे वाटले. पुतळा गेल्यापासून पहिल्यांदा बरे वाटले.

धवला संपला तेव्हा देवजी पुढे आले. त्यांनी विचारले, "व्याही, ही बाय बोलली तां खरां हाय क?" गोटीराम म्हणाला, "बायकांच्या गान्याला क अर्थ हाय?" देवजी म्हणाले, "मी खरां हाय क इचारलं." देवजींनी मुलीचा हात धरला व म्हणाले, "ज्यानं भावाच्या नातीचे तोंडचा घास कारला, त्याचे घरान माजी पोर जेवाची नय." वऱ्हाड टेम्पोत बसून गेले. मुलीचे मला वाईट वाटले. तिचे दुसरीकडे जमेल, ती खात्यापित्या घरची आहे. मुलाचेही वाटले, पण फार नाही.

अन्नाच्या चोरीबाबत. शिजवलेले अन्न तसेच पडले होते. मी, बयाबाई व आणखी पाच बायकांनी भाताचे दोन टोप व डाळीचा एक टोप डोक्यावर घेऊन पावण्याच्या झोपडपट्टीत नेले व मुलांना वाढले. टोप घासून दुसऱ्या दिवशी परत केले. डाळ पातळ होती.

आज सकाळी पोलीस ठाण्याच्या बाहेर गोटीरामने मला निरोप पाठवला. जबाबात धवला खोटा होता असे लिहून दिले तर तो तक्रार मागे घेईल व मळ्याची तळ्याकडची अर्धी जागा मोकळी करून देईल. यशोदाबाई माझ्याबरोबर आली आहे. ती म्हणाली, "ताई, लिहून द्या. बाकीची लेकरं जगतील." ती बरोबर बोलते. तिच्याइतके चांगले मला होता येत नाही.

मी लिहून देत नाही. धवल्यातला एक शब्द खोटा नाही. जागा तर तो देणारच आहे, अर्धी नाही, सगळी, आणि भराव त्याच्याच डंपरने उचलून. कारण त्याला आणखी दोन मुलगे लग्नाचे आहेत. आमच्या गावापासून उरणपर्यंत आमच्या नऊ धवलारणी आहेत. काल मी सगळ्यांकडे जाऊन हा धवला त्यांना शिकवला. त्याच्या घरची सुपारी जिला जाईल, ती हा म्हणणार आहे. जमीन मोकळी झाली व पहिली भाजी पोरांच्या ताटात पडली, की गोटीरामचे नाव त्यातून काढायचे, असे आमच्यात ठरले आहे. पुतळाची ओळ काढायची नाही. ती त्याच्या नातवंडांच्या लग्नातही म्हणायची.

यापेक्षा जास्त मला सांगायचे नाही. लिहिलेले सर्व हवालदार साहेबांनी मला दोनदा वाचून दाखवले, मी सांगितले तसेच आहे. यात माफीचा शब्द नाही, तेही बरोबर आहे.

जबाब देणार
वेणूबाई किसन मढवी